मदत आणि अट : अमेरिकेचा धर्म आपल्या मुलखात

श्रोतेहो, अमेरिकेच्या इतिहासात ख्रिस्ती धर्माचे स्थान कोणते, हा विषय ऐकताच पुष्कळांच्या मनात येईल की, त्याचा आपल्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो पुस्तकी नाही. आमचे वाळूज हे छत्रपती संभाजीनगरहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गाव. या रस्त्याने गोदावरी ओलांडली की नेवासे तालुका लागतो. १९४७ पर्यंत ही नदी म्हणजे निजामी मुलूख आणि इंग्रजी मुलूख यांमधील सीमा होती. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच तालुक्यात वडाळा येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅम्युअल फेअरबँक हे अमेरिकन पाद्री वर्षानुवर्षे राहिले. ही माणसे इतक्या दूर का आली, त्यांना पैसा कोण पुरवीत होते, आणि त्या पैशाबरोबर कोणती अट येत होती, हे पाहू लागले म्हणजे अमेरिकेचा इतिहास उलगडण्याची एक किल्ली हाती येते.

युरोपात धर्म राजाच्या आश्रयाने वाढला. अमेरिकेत निराळा प्रकार घडला. १७८७ च्या राज्यघटनेने ठरविले की, कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची कसोटी लावू नये. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सांगितले की, मध्यवर्ती सरकारने कोणताही धर्म राजधर्म म्हणून स्थापू नये आणि कोणाच्या धर्माचरणास आडकाठी करू नये. घटक राज्ये मात्र या बंधनाबाहेर होती. मॅसॅच्युसेट्स राज्यात लोकांच्या करातून चर्चला पैसा मिळण्याची पद्धत १८३३ पर्यंत चालू होती. कनेक्टिकटमध्ये ती १८१८ साली बंद झाली, तेव्हा तेथील प्रसिद्ध धर्मोपदेशक लायमन बीचर यांना आता धर्म बुडाला असे वाटले. पुढे त्यांनीच बोलून दाखविले की, जे झाले ते चर्चच्या हिताचेच झाले. कराचा आधार तुटताच धर्माला लोकांच्या दारी जावे लागले. वर्गणी, सभा, मंडळ्या, छापखाने, शाळा हीच त्याची साधने झाली. राजाश्रय सुटल्यावर धर्म दुबळा होईल ही अटकळ खोटी ठरली. लोकांनी स्वखुशीने चालविलेला धर्म अधिक उत्साही, अधिक खटपटी आणि पुष्कळ वेळा अधिक भांडखोरही झाला.

या खटपटीचे एक अपत्य म्हणजे १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेले अमेरिकन बोर्ड, म्हणजे परदेशी धर्मप्रसार करणारे मंडळ. त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. त्या वेळी इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपलेले होते, आणि कंपनी सरकारला पाद्री मुळातच नकोसे होते. दोघांना परत पाठविण्याचा हुकूम निघाला. परंतु अर्जविनंत्या आणि गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांचे सौम्य धोरण यांमुळे ते टिकले. हॉल १८२६ साली नाशिकहून परतत असता वाटेतच पटकीने वारले. १८३१ साली अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे या मिशनचे ठाणे पडले. तेथूनच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले.

आता या मंडळींनी आणलेल्या वस्तूंचे आपल्या लोकांनी काय केले ते पाहा. मुंबईतील अमेरिकन मिशनचा छापखाना शुभवर्तमाने छापण्यासाठी निघाला. तेथे काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले! सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आल्या आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवीत १८६२ साली तेथेच निवर्तल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांच्या मनावर परिणाम झाला, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. पद्धत घेतली, पंथ घेतला नाही. देणाऱ्याचा हेतू एक आणि घेणाऱ्याचा उपयोग दुसरा, असे येथे वारंवार घडले.

याच जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांस, त्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी केलेल्या स्वार्थत्यागाबद्दल, अर्पण केला. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. परंतु तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध लढणारेही बायबल उघडीत, आणि गुलाम बाळगणारेही तेच बायबल उघडीत. या प्रश्नावरून १८४४ साली मेथडिस्ट आणि १८४५ साली बाप्टिस्ट पंथ उत्तर-दक्षिण असे दुभंगले. राष्ट्र दुभंगले ते त्यानंतर, १८६१ मध्ये. नगरचे मिशन चालविणाऱ्या बोर्डानेही या बाबतीत कचखाऊपणा केला. रेड इंडियनांमधील त्याच्या मिशनमंडळ्यांत गुलाम बाळगणारे सभासद होते, आणि त्यांना सरसकट बाहेर काढण्यास बोर्ड तयार नव्हते. तेव्हा रागावलेल्या मंडळींनी १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही निराळी संस्था काढली. वर्गणीवर चालणाऱ्या धर्माची हीच अडचण असते: वर्गणीदार दुखावेल म्हणून सत्य हलक्या आवाजात सांगण्याचा मोह होतो.

मदतीबरोबर अट कशी येते, आणि अटीवाचूनही मदत कशी करता येते, याचे उत्तम उदाहरण आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात सापडते. पत्नीला अमेरिकेत शिकविण्यासाठी गोपाळरावांनी साहाय्य मागितले. कोल्हापुरात पूर्वी काम केलेल्या वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याच्या मासिकात तो पत्रव्यवहार छापला गेला. त्यातील मिशनऱ्याच्या उत्तराचा मथितार्थ असा की, आधी ख्रिस्ताचा स्वीकार करावा. दातांच्या वैद्याकडे बसल्या बसल्या हे मासिक न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंच्या हाती पडले. त्याही ख्रिस्ती आणि श्रद्धाळूच होत्या. परंतु त्यांनी अट घातली नाही, घराचे दार उघडले. आनंदीबाई हिंदू म्हणून गेल्या, हिंदू म्हणूनच राहिल्या, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत, पुण्यास त्यांचे निधन झाले. आणि त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाने आपल्या कौटुंबिक स्मशानभूमीत विसावू दिल्या. एकाच देशातील, एकाच धर्मातील ही दोन माणसे. अमेरिकेचा ख्रिस्ती धर्म यांपैकी कोणता, असे विचारले तर उत्तर एकच आहे: दोन्ही.

त्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. त्या १८८३ साली ख्रिस्ती झाल्या होत्या. तथापि त्यांनी अमेरिकेत जी मदत मागितली ती उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी, आणि ती शाळा कोणत्याही धर्माची बाजू न घेणारी असेल, असे वचन देऊन. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे खर्च सोसण्याची हमी दिली. तिच्यात निरनिराळ्या पंथांचे, एरवी एकमेकांशी वाद घालणारे लोक एकत्र बसले. त्या देशाचे राज्य, धर्मपंथ आणि स्त्रियांची स्थिती यांचे वर्णन बाईंनी १८८९ साली मराठीत ग्रंथरूपाने केले, आणि कौतुक करताना काळ्या लोकांवर व रेड इंडियनांवर झालेला अन्यायही झाकून ठेवला नाही.

शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत निघाले आणि पुढल्या वर्षी पुण्यास गेले. तेथे बाई स्वतः प्रार्थना करीत आणि येऊ इच्छिणाऱ्या मुलींना त्या अडवीत नसत. यावरून १८९३ साली मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंचे म्हणणे होते की, आपल्या घरात आपण देवाचे नाव घेऊ नये काय? पालकांचे म्हणणे होते की, अल्पवयीन विधवेच्या मनावर उपकाराचे ओझे असताना तिची इच्छा मोकळी कशी समजावी? दोन्ही प्रश्न खरे होते. पुढे बाईंनी केडगावला मुक्तिसदन उभारले, ते उघडपणे ख्रिस्ती.

खुद्द मिशनऱ्यांतही हा झगडा होता. मुंबईत जन्मलेले आणि नगरला काम करणारे रॉबर्ट ह्यूम १८८६ साली रजेवर अमेरिकेस गेले. ख्रिस्ताचे नाव कानी न पडताच जे मेले, त्यांना मृत्यूनंतरही संधी मिळत असेल, या मतास त्यांनी अनुकूलता दाखविली. झाले! बोर्डात खळबळ उडाली आणि त्यांचे परत येणे काही काळ रोखले गेले. आपल्या पूर्वजांच्या गतीबद्दल बोस्टनला वाद माजावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी हसू आणते. परंतु जो माणूस नगरच्या लोकांमध्ये राहिला, त्याला त्यांच्या आजा-पणजांना नरकात लोटणे जड गेले असेल, हे ध्यानी घेतले म्हणजे हसू मावळते. अखेर १८८७ साली ह्यूम परत आले. याच नगरच्या मिशनात कवी नारायण वामन टिळक यांनी काम केले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तभक्त बसू शकत. शेवटची अटही त्यांनी काढून टाकली.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू. घटनेने पदासाठी धर्माची अट काढली. पण समाजाने न लिहिलेली अट किती काळ पाळली? १९२८ साली आल स्मिथ हे रोमन कॅथलिक अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांच्या धर्माविरुद्ध मोठी ओरड झाली आणि ते पडले. पहिला कॅथलिक अध्यक्ष, केनेडी, १९६० साली निवडून आला, म्हणजे राज्यघटनेनंतर पावणेदोनशे वर्षांनी. चर्चच्या मंडळ्यांनीच जोर लावून १९२० पासून देशभर दारूबंदी आणविली. १९३३ साली ती उठवावी लागली. आणि त्याच चर्चमधून मार्टिन ल्यूथर किंग हे धर्मोपदेशक उठले, ज्यांनी काळ्या लोकांच्या हक्कांची चळवळ १९५० आणि १९६० च्या दशकांत चालविली व गांधीजींचा अहिंसेचा मार्ग पत्करला. छापखाना आणि शाळा तिकडून आल्या. सत्याग्रह इकडून गेला.

श्रोतेहो, धर्म राज्यापासून वेगळा केला म्हणून तो सार्वजनिक जीवनातून जात नाही. तो लोकांच्या हाती येतो. आणि लोक जसे असतील तसा तो उदार किंवा संकुचित होतो. कोणतीही धर्मसंस्था, मग ती परकी असो वा आपली, शाळा काढते, दवाखाना काढते, दुष्काळात अन्न देते, तेव्हा तिचे ऋण मानावे. परंतु त्या मदतीच्या पोटी अट आहे किंवा नाही, हेही शांतपणे पाहावे. आणि आपण स्वतः कोणास मदत करू, तेव्हा हाच प्रश्न प्रथम आपल्याला विचारावा.