सोनेगावचं विमानतळ : कोणाच्या कामाचं, किती कामाचं?

नागपूर : काटोल-नरखेडकडच्या संत्रा बगिच्यात उभं राहून वर पाहिलं तर दिवसभरात कितीतरी विमानं जाताना दिसतात. त्यातली बहुतेक नागपूरला उतरत नाहीत. पण वाटेत एखाद्या प्रवाशाच्या छातीत दुखायला लागलं की वैमानिक जवळचं विमानतळ शोधतो, आणि ते बऱ्याचदा सोनेगावचं निघतं. देशाच्या मधोमध असल्याचा असाही उपयोग.

ही गोष्ट टपाल खात्याने फार आधी हेरली होती. १९४९ साली रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला जमायची, टपालाची पोती आपसात बदलायची आणि आपापल्या शहराकडे परत फिरायची. आज टाकलेलं पत्र उद्या हजार किलोमीटरवर पोहोचायचं. त्याच विमानांतून प्रवासीही जात. त्या काळात चारही महानगरांची रात्रीची गाठ नागपुरात पडत होती, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

२००५ मध्ये या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं नाव देण्यात आलं. २००८ मध्ये नवी टर्मिनल इमारत सुरू झाली. २००९ पासून कारभार मिहान इंडिया लिमिटेडकडे आला. त्यात राज्याच्या विमानतळ विकास कंपनीचा वाटा ५१ टक्के आणि केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणाचा ४९ टक्के. पुढे खासगीकरण कोर्टात अडकलं. २०१९ मध्ये जीएमआर कंपनीची बोली मान्य झाली, २०२० मध्ये ती प्रक्रियाच रद्द केली गेली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि शेवटची याचिका सप्टेंबर २०२४ मध्ये निकाली निघाली. तब्बल पाच वर्षं यात गेली.

अमरावतीचं बेलोरा आणि गोंदियाचं बिरसी इथूनही आता प्रवासी विमानं उडतात, पण परदेशी जायचं तर विदर्भात नागपूरच. शेजारच्या मध्य प्रदेशातले छिंदवाडा, सिवनी, बैतूल, बालाघाटचे लोकही इथेच येतात. हज यात्रेकरू इथून निघतात. दीक्षाभूमीला येणारे परदेशी उपासक आणि ताडोबा-पेंचचे पर्यटक इथेच उतरतात. परदेशी विमानसेवा मुख्यतः शारजा आणि दोहाच्या, त्याही मध्यरात्रीनंतर किंवा पहाटेच्या. वर्धा रोडवर मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन आहे, पण त्या वेळी मेट्रो बंद असते. खेड्यातून येणाऱ्याने गाडीची सोय आधीच करावी आणि विमानाच्या तीन तास आधी पोहोचावं. वेळापत्रक बदलत असतं, म्हणून निघायच्या दिवशी पुन्हा एकदा पाहून घ्यावं.

आखाती देशात कामाला जाणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. दहावी पास नसेल तर पासपोर्ट साधारणपणे ईसीआर प्रकारचा येतो. अशा पासपोर्टवर तिकडे नोकरीला जायचं तर सरकारची परवानगी लागते आणि ती ई-मायग्रेट पोर्टलवरून मिळते. एजंट म्हणाला, ‘भेटीच्या व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बघू’, तर तिथेच थांबा. पोरगा विमानतळावरून परत आला तर पैसे बुडतात, तिकडे पोहोचून अडकला तर त्याहून वाईट.

आता संत्र्याचं. विमानतळ हाकेच्या अंतरावर असलं तरी आपलं संत्रं विमानात बसत नाही. माल वजनदार आणि भाव किलोचा, त्याला विमानाचं भाडं परवडत नाही. बांगलादेशचा माल ट्रकने जायचा. त्या देशाने आयात शुल्क वाढवत नेलं आणि त्याचा मार बगिचावाल्यांना बसला. २०२० मध्ये दुबईला संत्रं गेलं तेही थंड कंटेनरमधून, समुद्रमार्गे. विमानतळ मोठं झालं की संत्र्याला भाव येईल, असं भाषणात ऐकायला मिळतं. हिशेब मात्र तसा लागत नाही.

विमानतळाला लागून मिहान आहे. एअर इंडियाच्या विमानांची देखभाल करणारं केंद्र तिथे आहे, ते बोइंगने बांधून दिलं. आयटी कंपन्या आल्या, एम्स आलं. एम्सचा फायदा गावागावातल्या पेशंटला होतोय, हे मान्य करावं लागेल. पण ही जमीन शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही इथल्या शेतकऱ्यांची होती. कमी मोबदला, रखडलेलं पुनर्वसन आणि साडेबारा टक्के विकसित भूखंड यांसाठी या लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. शिवणगावच्या लोकांसाठी चिंचभवनला पुनर्वसनाची जागा ठरली. त्यांची जमीन ज्या दुसऱ्या धावपट्टीसाठी मागितली गेली, ती आराखड्यात ४,००० मीटरची आहे. विमानं अजूनही जुन्याच ३,२०० मीटरच्या धावपट्टीवर उतरतात.