छिद्र आणि छत : भोक पाडण्याच्या हत्यारांच्या इतिहासाची काही अंगे

हत्यारांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रायः धार असलेल्या हत्यारांकडे जाते. कुऱ्हाड, वाकस, करवत ही नजरेत भरतात. भोक पाडणारे हत्यार मात्र दुर्लक्षित राहते. याचे एक कारण असे की, या हत्याराची खूण म्हणजे एक अभाव होय. लाकूड कुजते, लोखंड गंजते आणि मागे उरते ते केवळ छिद्र. त्या छिद्रावरून हत्यार, हत्यारावरून कारागीर आणि कारागिरावरून त्याचा काळ ओळखावयाचा, असा हा उलटा प्रवास आहे. जालना जिल्ह्याच्या भूमीत या प्रवासाची दोन टोके एकत्र पाहावयास मिळतात : एक भोकरदनच्या उत्खननात, तर दुसरे आजच्या घरांच्या छतात.

केळणा नदीच्या काठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत या नगरातील दात्यांचा उल्लेख आढळतो. नागपूर विद्यापीठ व मराठवाडा विद्यापीठ यांनी १९७३ मध्ये येथे उत्खनन केले आणि त्याचा वृत्तान्त शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. सातवाहनकालीन थरांतून मिळालेल्या वस्तूंत मणी आणि हस्तिदंती काम यांचे महत्त्व विशेष आहे. मणी म्हणजे मुळात भोक पाडलेला दगड. कठीण दगडाला आरपार वेज पाडावयाचे, तर कारागीर सामान्यतः दोन्ही टोकांकडून आत शिरतो. मध्यावर दोन वाटा जुळल्या तर मणी साधला, अन्यथा कित्येक दिवसांचे श्रम वाया गेले. ‘वेज’ हा मराठी शब्द संस्कृत ‘वेध’ या शब्दाशी संबद्ध आहे. नेम धरणे आणि भोक पाडणे हे दोन्ही अर्थ एका धातूत नांदतात, ही गोष्ट कारागिराच्या अनुभवाशी सुसंगतच म्हटली पाहिजे.

भोकरदन येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य पॉम्पेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या मूर्तीशी अनेक विद्वानांनी दाखविले आहे. इ. स. ७९ मधील व्हेसूव्हियसच्या उद्रेकात गाडली गेलेली ही सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या मस्तकातून खाली एक छिद्र पाडलेले आहे. या एका छिद्रामुळे मूर्तीचा सारा विचार बदलला. ती स्वतंत्र प्रतिमा नसून आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी, असा तर्क त्यावरूनच पुढे आला. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर असल्याने तिचे मूळ स्थान भोगवर्धनच होते असे निश्चयाने म्हणता येत नाही. परंतु छिद्र हे वस्तूच्या उपयोगाचे प्रमाण ठरू शकते, ही गोष्ट या उदाहरणाने उत्तम प्रकारे सिद्ध होते.

आता हत्यारांकडे वळू. मराठी सुताराचे भोक पाडण्याचे परंपरागत हत्यार म्हणजे सामता. त्याच्या दांड्याला दोरी गुंडाळून ती पुढेमागे ओढली की पाते फिरते. परंतु ते एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे फिरते. लहान भोकाला ही उलटसुलट गती पुरेशी असते. मोठ्या वर्तुळाला ती उपयोगी पडत नाही, कारण मध्यबिंदूपासून दूर असलेल्या पात्याला एकाच दिशेने अखंड फिरणारी गती आवश्यक असते. युरोपात वाकड्या दांड्याच्या हत्याराने ही गती साधली. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील फ्लेमिश चित्रांत ते प्रथम दिसू लागते. पुढे १८५८ मध्ये अमेरिकेत विल्यम क्लार्क याने सरकत्या पात्याच्या गिरमिटाचे पेटंट घेतले आणि एकाच हत्याराने निरनिराळ्या मापांची भोके पाडणे शक्य झाले. १८९५ मध्ये स्टुटगार्टच्या फाइन कारखान्याने हातात धरावयाचे विजेचे ड्रिल तयार केल्यावर गतीचा प्रश्नही सुटला.

या हत्यारांबरोबर शब्दही आले. ‘करवत’ हा संस्कृत ‘करपत्र’ या शब्दापासून, तर ‘रंधा’ फारसीतून आला. ‘गिरमिट’ हे इंग्रजी ‘गिम्लेट’चे रूप. करार करून परदेशी गेलेल्या मजुरांचे ‘गिरमिट’ मात्र ‘ॲग्रीमेंट’पासून झालेले आहे, दोन वेगळे शब्द उच्चाराच्या एकाच साच्यात येऊन बसले. सुताराची पेटी म्हणजे भाषासंपर्काचा लहानसा संग्रहच होय.

आज जालन्यासारख्या शहरात छतासाठी जे फिरते कटर वापरतात, त्याची रचना पाहिली असता हा सारा इतिहास त्यात एकवटलेला दिसतो. मध्यभागी एक टोकदार ड्रिल, त्याला आडवी पट्टी, पट्टीवर मापाच्या खुणा आणि दोन्ही बाजूंस स्क्रूने घट्ट करता येणारी पाती. तत्त्वतः हा शाळेतील कंपास होय. केवळ पेन्सिलीच्या जागी पाते बसविले आहे. संस्कृत गणितग्रंथांत कंपासाला ‘कर्कट’, म्हणजे खेकडा, असे नाव आहे. त्या खेकड्याला येथे खरीच नांगी फुटली, असे म्हणता येईल. दोन पाती समान अंतरावर असली म्हणजे फिरण्याचा तोल राहतो. एकच पाते असले तर हत्यार थरथरते व कड फाटते. गती मंद ठेवावी लागते. पट्टीवरील अंक त्रिज्या दर्शवितो की व्यास, हे आधी पाहणे अवश्य असते. कापलेला भुगा डोळ्यांत व श्वासात जाऊ नये म्हणून हत्याराभोवती पारदर्शक वाटी बसविलेली असते.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो : असे हत्यार मराठवाड्याच्या जुन्या घरांत का निर्माण झाले नाही? कौशल्य नव्हते म्हणून, हे उत्तर भोकरदनचे मणी पाहिल्यावर टिकत नाही. खरे उत्तर छताच्या रचनेत आहे. येथील माळवदाच्या घरात भिंतींवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर किलचांचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. अशा छताला मागाहून वर्तुळ कापणे म्हणजे माती ढासळविणे आणि पावसाला घरात वाट देणे होय. म्हणून उजेडासाठी व धुरासाठी ठेवलेले सवणे घर बांधतानाच ठरत असे. चूल कोठे, धान्य कोठे, उजेड कोणत्या प्रहरी कोठे पडेल, याचा विचार करूनच गवंडी ती जागा मोकळी सोडी. सवणे कापले जात नसे. ते राखले जाई.

जिप्समच्या फळीने हा क्रम उलटविला. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट याने १८९४ मध्ये कागद व प्लास्टर यांच्या थरांच्या फळीचे पेटंट घेतले. त्या परंपरेतून निघालेली, बहुधा साडेबारा मिलिमीटर जाडीची फळी आज धातूच्या सांगाड्याला टांगली जाते. ती घराचा भार वाहत नाही, पाऊसही अडवीत नाही; ती छताची त्वचा आहे. त्यामुळे तिला छिद्र केव्हाही, कोठेही पाडता येते. कारागिरांच्या बोलीत ‘फॉल्स सीलिंग’चे ‘फॉल सीलिंग’ झाले आहे. ‘खोटे छत’ या मूळ अर्थाऐवजी ‘खाली उतरलेले छत’ असा नवा अर्थ बोलणाऱ्यांनी त्या शब्दातून काढला, आणि वस्तुस्थिती पाहता तो अधिक अन्वर्थक आहे.

परंतु केव्हाही पाडता येणारे छिद्र निर्धोक असते असे नव्हे. फळीच्या वर तारा, नळ व सांगाड्याच्या पट्ट्या असतात आणि कापणाऱ्याला त्या दिसत नाहीत. छिद्र दिव्याच्या कडेहून मोठे झाले तर दिवा खाली येतो, आणि कापलेली चकती पुन्हा पूर्ववत जडविता येत नाही. दोन्ही बाजूंनी वेज पाडणाऱ्या भोगवर्धनच्या कारागिरापुढे हीच अडचण होती : आतले दिसत नाही आणि चूक परत घेता येत नाही. हत्यार सरकते झाले, माप बदलता येऊ लागले. निर्णय मात्र पूर्वीइतकाच अपरिवर्तनीय राहिला.

सारांश, छिद्राच्या इतिहासात हत्याराइतकाच निर्णयाचा क्षण महत्त्वाचा आहे. सवण्याचा निर्णय घर उभे राहताना, सर्वांच्या देखत होई. दिव्याच्या छिद्राचा निर्णय घर उभे राहिल्यावर, शिडीवर चढलेला एकटा कारागीर अमलात आणतो. माळवदे जसजशी पडत आहेत तसतसे सवणे, किलच, सामता हे शब्दही बोलण्यातून निसटत आहेत. गावोगावच्या वृद्ध सुतार-गवंड्यांकडून ते वस्तूसह, कृतीसह आणि उच्चारासह टिपून ठेवणे हे भाषा व इतिहास या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांचे समान कर्तव्य आहे. छिद्रावरून हत्यार ओळखता येते. परंतु हत्याराचे नाव एकदा हरपले की ते कोणत्याही उत्खननात सापडत नाही.