एकाच प्रतीचा चित्रकार

गारगोटीतील आमची मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसतात, समोर मांडलेला तांब्या पेन्सिलीने रंगवतात, तेव्हा ही पद्धत विलायतेहून आली हे त्यांच्या गावीही नसते. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधली शिस्त १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने उचलली. आधी रेघ, मग प्लास्टरचे ग्रीक पुतळे, मग जिवंत माणूस. याच शाळेतून कोल्हापूरचा एक मुसलमान तरुण शिकून बाहेर पडला, आबालाल रहिमान. नुसते 'आबालाल' ऐकून तो आपल्यातला होता हे पन्नास किलोमीटरवरच्या आम्हालाही चटकन उमगत नाही.

त्यांचा जन्म १८५६ ते १८६० च्या दरम्यानचा. घराण्यात कुराणशरीफच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. तसवीर काढणे आपल्यात चालते का, हा सवाल आजही घराघरांत निघतो; त्यावर फतवा देण्याची आमची पात्रता नाही. पण कातिबाच्या घरात चित्रकार जन्मावा यात आम्हाला नवल वाटत नाही. एक नुक्ता इकडचा तिकडे झाला की हर्फ बदलतो, हे जिथे लहानपणीच कळते, तिथल्या हाताला रेघेची अदब साहेबाने काय शिकवावी?

साहेब मात्र मोठा होता. १८८० च्या दशकात जे. जे.चे प्रमुख होते जॉन ग्रिफिथ्स. हा वेल्समध्ये जन्मलेला चित्रकार आज त्याच्या मुलखातही थोड्यांनाच ठाऊक असेल. १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थी सोबत घेऊन त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या पुष्कळ जळाल्या. पुढे १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांनी अजिंठ्यावर मोठा सचित्र ग्रंथ छापला, म्हणून त्या मेहनतीचा माग तरी राहिला. छापलेले टिकते, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती कामी येईल.

आबालालांना १८८८ मध्ये व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. मुंबईत राहून साहेबलोकांची आणि शेठजींची व्यक्तिचित्रे काढत बसले असते तर पैसा कमी नव्हता. ते कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले आणि कोटीतीर्थाच्या काठी चित्रे काढत बसले. तळे, देऊळ, झाडी, बदलता उजेड हे त्यांचे विषय. रंकाळ्यातला संध्यामठ त्यांनी जलरंगात उतरवला. दगडी देऊळ आणि पाणी असे दोनच जिन्नस घेऊन त्यांनी दिवसाची एक घटका पकडली आहे.

अशी चित्रे पाहून जाणकार लगेच 'इम्प्रेशनिस्ट' म्हणतात, १८७४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनाची आठवण काढतात. आम्हाला मात्र पॅरिसचा दुसराच एक माणूस आठवतो, शार्ल मेरियों. तो आरमारातला अधिकारी. रंगांधळेपणामुळे रंग सोडून तांब्याच्या पत्र्यावर तेजाबाने कोरून ठसे घेण्याकडे वळला. १८५० ते १८५४ मध्ये त्याने जुन्या पॅरिसचे पूल, बोळ, बुरूज कोरले. १८६८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात तो वारला. हालअपेष्टांत गेला खरा, पण एका पत्र्यावरून अनेक ठसे निघाले होते. चार हरवले तरी पाचवा कुठल्यातरी संग्रहालयात सापडतो.

आबालालांच्या चित्राची मात्र एकच प्रत. १९२२ मध्ये महाराज वारले. त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रे कोटीतीर्थात बुडवली, असे कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ऐकायला हृदयद्रावक आहे. आमची तक्रार एवढीच, की ही कहाणी सांगणारे शंभर भेटतात आणि संध्यामठाचे चित्र पाहिलेले दहाही भेटत नाहीत. अवलिया, फकीर, विक्षिप्त अशी बिरुदे लावली की माणसाच्या कामाकडे बघायची जबाबदारी संपते. बाबूराव पेंटर हे काम बघणाऱ्यांपैकी होते. ते आबालालांना मानत.

२८ डिसेंबर १९३१ रोजी आबालाल गेले. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत. गारगोटीहून मुलांची सहल पन्हाळ्याला जाते, ती कोल्हापुरातूनच जाते. टाउन हॉलपाशी गाडी अर्धा तास थांबवायला ड्रायव्हर सहसा नाही म्हणत नाही.