दहा फुटांच्या फ्लेक्सवर वाचलेलं नाव

तुम्ही फ्लेक्सवरचा फोटो कधी पुरावा म्हणून वापरलाय? मी वापरणार होतो, म्हणून हे लिहितोय.

दसऱ्याला दीक्षाभूमीकडे जाणारे नागपूरचे रस्ते फ्लेक्सने भरून जातात. गेल्या वर्षी एका वस्तीच्या फ्लेक्सवर २००३ मधला फोटो होता, दहा फूट रुंद. त्यात बायकांनी धरलेल्या फलकावर एका महिला मंडळाचं नाव मला बऱ्यापैकी वाचता आलं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यांमध्ये उभ्या राहिलेल्या संघटना हाच माझा विषय. लगेच प्रकरणाच्या खर्ड्यात नोंद करून टाकली.

मग मूळ फाइल मिळाली. १६०० बाय १२०० पिक्सेल, म्हणजे त्या काळचा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा. आता हिशोब करा. फोटोसारखी बारीक छपाई हवी तर इंचाला ३०० पिक्सेल लागतात. या फाइलचा चांगला प्रिंट जेमतेम सव्वापाच इंच रुंद निघेल. दहा फुटांवर ताणली की इंचाला तेराच पिक्सेल उरतात, एकेक जवळपास दोन मिलिमीटरचा. रस्त्याच्या पलीकडून, वीस-बावीस फुटांवरून, डोळ्याला ते वेगळे दिसत नाहीत. फ्लेक्स चालतो तो या अंतरामुळे!

पण जवळून ठोकळे दिसू नयेत म्हणून फाइल आधी मोठी करतात. इंचाला ७२ पिक्सेल धरले तर १९ लाखांचे साडेपाच कोटींहून जास्त होतात. म्हणजे २९ पैकी २८ पिक्सेल कॅमेऱ्याने पाहिलेलेच नाहीत, शेजाऱ्यांवरून काढलेले आहेत. खरं तर हा अंदाज कॅमेऱ्यातच सुरू होतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटमधली रचना बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत आहे: प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो, उरलेले दोन गणिताने भरले जातात. डार्करूममध्ये निगेटिव्ह मोठी केली की दाणे मोठे व्हायचे, अक्षरं धूसर व्हायची. नवीन काही यायचं नाही. जुन्या सॉफ्टवेअरनेही धूसरच केलं असतं. आताची एआय ॲप्स मात्र हजारो फोटोंवर शिकलेली असतात, धूसर जागी ‘असायला हवं’ तसं काहीतरी काढून देतात.

फ्लेक्सवाल्याला विचारलं. “हो भाऊ, ॲपमधून थोडा साफ केला फोटो.” त्याची काय चूक? त्याला फोटो चांगला दिसायला हवा होता.

मूळ फाइलमध्ये तो अख्खा फलक चाळीस पिक्सेल रुंद आहे. त्यात अक्षर नाही, करडे डाग आहेत. खर्ड्यातली नोंद खोडली. मग फोटोतल्या, फलक धरलेल्या मावशींकडे गेलो. त्यावर काय लिहिलं होतं, विचारलं. त्या हसल्या.

“बेटा, मी मागून धरला होता. मला कुठून दिसणार?”