माझगावचा हरवलेला काठ

माझगाव हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक, हे शाळेतच पाठ होते. परंतु बेट म्हटले की त्याला किनारा हवा. आणि माझगावचा किनारा कोठे, असे विचारले तर जन्मापासून तेथे राहणारा माणूसही क्षणभर घोटाळतो. गोदीची उंच भिंत, रेल्वेचे रूळ, मालाच्या वखारी आणि भंगार लोखंडाचे ढीग यांच्या पलीकडे कोठेतरी समुद्र आहे, एवढेच तो सांगू शकतो.

आम्हा पाच-सहा मित्रांना समुद्रकाठाने पायी हिंडण्याची आवड आहे. गोराईहून उत्तनपर्यंत, अर्नाळ्याच्या पुळणीवर, अलिबागेच्या बाजूस असे अनेक काठ आम्ही तुडविले. तेथे वाट विचारावी लागत नाही. एका हाताला पाणी ठेवून चालत राहिले की झाले. माझगावात हा नियम चालत नाही. म्हणून एका रविवारी सकाळची मिस्सा आटोपून, जुन्या नकाशाची नक्कल हाती घेऊन, जो काठ आता उरला नाही त्याच्याच कडेने चालून पाहावे असे आम्ही ठरविले.

माझगाव या नावाची एक व्युत्पत्ती ‘मत्स्यग्राम’ अशी सांगतात. ती खरी असो वा नसो, गाव मात्र मासळीचेच होते. १६७३ साली मुंबईस आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने माझगावचे वर्णन मासेमारीचे मोठे गाव असे केले आहे, आणि तेथील ज्या एका मासळीची त्याने आवर्जून दखल घेतली ती म्हणजे आपला बोंबील! गोरगरिबांचे पोट त्यावर चालते, असेही त्याने नोंदवून ठेवले. त्याच ठिकाणी त्याने फ्रान्सिस्कन संन्याशांचे मंदिर आणि मठही पाहिला. बोंबील आणि चर्च यांचा असा एकत्र उल्लेख आमच्या पूर्वजांना मुळीच खटकला नसता.

हे चर्च म्हणजे ग्लोरिया माउलीचे. पोर्तुगालच्या राजाने १५७२ साली माझगाव बेट सोझा ई लिमा या घराण्यास वंशपरंपरेने दिले होते आणि त्या घराण्याच्या आश्रयाने १६३२ साली हे ख्रिस्तमंदिर उभे राहिले. कोळी, भंडारी, आगरी अशा निरनिराळ्या जातींतून आलेले येथील ख्रिस्ती बांधव याच धर्मग्रामाच्या छायेत एक समाज म्हणून वाढले. पुढे मुंबई इंग्रजांकडे गेली. १७२० साली इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बेटाबाहेर घालवून कार्मेलाइट धर्मगुरूंना आणले. राज्यकर्ते बदलले, धर्मगुरू बदलले. मंदिराची जागा मात्र बदलली नाही. ती बदलण्याचे काम पुढे बंदराने केले.

आमची पायपीट डॉकयार्ड रोड स्थानकालगतच्या भंडारवाड्याच्या टेकडीवरून सुरू झाली. येथे इंग्रजांनी सतराव्या शतकात किल्ला बांधला होता. १६८९ साली जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने शिवडीस उतरून तो घेतला आणि पुढच्या वर्षी परत जाताना जाळून टाकला. याच टेकडीवरील बेल्वेडिअर बंगल्यातून १७७३ साली एलायझा ड्रेपर ही इंग्रज स्त्री एका नौदल अधिकाऱ्याबरोबर रातोरात पळून गेली. लॉरेन्स स्टर्न या कादंबरीकाराची ती मैत्रीण, म्हणून इंग्रजी वाङ्मयाचे अभ्यासक तिला ओळखतात. आम्हांला त्या प्रकरणात रस एवढाच की पळून जाणे समुद्रमार्गे झाले, म्हणजे पाणी टेकडीपासून फार लांब नव्हते!

टेकडीवर १८८४ साली पालिकेचा जलाशय झाला. त्यावरील बागेस जोसेफ बाप्टिस्टा यांचे नाव आहे. काका बाप्टिस्टांचा जन्म १८६४ साली येथून जवळच म्हातारपाखाडीत झाला. घराणे मूळचे उत्तनचे. लोकमान्यांचे सहकारी, १९१६ साली बेळगावी स्थापन झालेल्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, १९२५ साली मुंबईचे महापौर. म्हातारपाखाडीतील लाकडी कठड्यांची घरे आणि तेथील क्रूस पाहिल्यावाचून माझगाव पाहिले असे कोणी म्हणू नये. ती पाखाडी अजून उभी आहे. पण उंच इमारतींचा वेढा तिच्या कौलांपर्यंत आला आहे.

टेकडीच्या कठड्यावरून पूर्वेस पाहिले की गोदीच्या याऱ्या आणि अर्धवट बांधलेल्या युद्धनौका दिसतात. माझगाव गोदीचा आरंभ १७७४ च्या एका लहानशा सुक्या गोदीपासून झाला. १९६० साली भारत सरकारने ती विकत घेतली आणि ‘निलगिरी’ ही युद्धनौका तेथेच बांधली गेली. तिचा आम्हांलाही अभिमान वाटतो. पण काठाचा खरा निकाल लावला तो पोर्ट ट्रस्टने. १८७३ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक खुली केली. प्रिन्सेस डॉक खणताना भरतीच्या पातळीच्या कितीतरी खाली शेकडो झाडांचे बुंधे सापडले. त्यांतील बरेच उभेच्या उभे होते. जेथे समुद्र होता तेथे त्याआधी रान होते. तेव्हा, काठ सरकविण्याचा खेळ माणसाने सुरू केला असे नव्हे. मात्र निसर्गाने तो सावकाश खेळला. माणसाला चार-पाच वर्षे पुरली. १९०८ ते १९१२ या काळात माझगाव ते शिवडी भराव घालून ५८३ एकर जमीन तयार झाली. अशा नोंदींत मिळालेल्या भूमीचे एकर असतात. बोंबील वाळत घालायची पुळण कोणत्या रकान्यात धरायची, हा प्रश्न नोंद करणाऱ्यास पडत नाही.

बंदर आणि रेल्वे यांच्या याच विस्तारात, १९११ साली, ग्लोरियाचे जुने मंदिर पाडले गेले. जवळजवळ तीनशे वर्षांची वेदी उठली. भायखळ्यास गॉथिक धर्तीचे नवे ख्रिस्तमंदिर झाले. ते देखणे आहे, आणि ‘ग्लोरिया’ हे नाव त्याने राखले. परंतु समुद्रावरून परतणाऱ्या कोळ्याचे मंदिर आगगाडीने जाणाऱ्यांचे झाले. पूर्वजांची जुनी दफनभूमी सुटली, हे दुःख नव्या मनोऱ्याने भरून येण्यासारखे नव्हते. काही मित्रांचे मत पडले की बंदर नसते तर नोकऱ्याही नसत्या, आणि आमच्याच समाजातील कितीतरी घरे गोदीच्या पगारावर चालली. तेही खोटे नाही. तरीही मोबदला मोजताना दोन्ही पारडी समोर हवीत, असे आम्हांस वाटते. आज बंदराच्या याच जमिनींचे पुढे काय करावे याच्या योजना पुन्हा आखल्या जात आहेत, आणि त्या आखणाऱ्यांच्या मेजावर जुन्या माझगावचा नकाशाही असावा.

दारूखान्याच्या बाजूने ट्रकांतून वाट काढीत आम्ही अखेर भाऊच्या धक्क्यावर आलो. हे नावही स्थलांतरितच. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, अर्थात भाऊ, यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेला मूळ धक्का दक्षिणेस होता. बंदर वाढले तसे नाव येथे आले. रेवसची लाँच येथूनच सुटते, आणि २०२० पासून मांडव्यासाठी मोटारी वाहून नेणारी मोठी बोटही. दुपार होत आली होती. पहाटेचा लिलाव केव्हाच संपला होता, तरी एका कोळिणीच्या पाटीत ओले बोंबील शिल्लक होते. भाव आम्हांस जरा चढाच वाटला. घासाघीस करून अखेर दोन वाटे घेतले.