जोडणीची विद्या

छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत 2001 साली स्कोडा ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली, ती सुट्या भागांच्या संचातून. युरोपात बनलेले भाग पेट्यांमधून भारतात यायचे आणि जालना रस्त्यावरच्या या कारखान्यात त्यांची मोटार उभी राहायची. मोटार उद्योगात अशा संचाला सीकेडी किट म्हणतात, म्हणजे पूर्ण सुटी केलेली गाडी. 2007 पासून ऑडी ए6 सुद्धा इथेच जोडली जाऊ लागली. प्लास्टिकच्या छोट्या मोटारी जोडण्याचा ज्यांना छंद आहे त्यांना ही रीत चांगली ओळखीची वाटेल. खोके, खोक्यात भाग, प्रत्येक भागाला क्रमांक आणि सोबत जोडणीचा क्रम. फरक फक्त प्रमाणाचा. तरीही छत्रपती संभाजीनगरच्या उद्योगाचा इतिहास सांगताना या जोडणीचा उल्लेख हळू आवाजात होतो. ‘इथे नुसती जोडाजोडी होते’ असे म्हणून विषय संपवला जातो. मला हे मान्य नाही. जोडणी ही स्वतंत्र विद्या आहे आणि या शहराने ती कष्टाने कमावली आहे. साचा घडवण्याची विद्याही इथे आहे. त्यापुढची पायरी आहे ती स्वतःच्या मनातला आकार प्रत्यक्षात आणण्याची, आणि तिथे पोहोचायचे तर खेळण्यातल्या किटकडे पोरखेळ म्हणून पाहणे सोडावे लागेल.

मुळात किट ही कल्पना जन्मली ती खर्च वाचवण्यासाठी. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने 1949 मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती बनवली, ती ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रतिनिधींना गिऱ्हाइकांपुढे ठेवता यावी म्हणून. हाताने जोडणी करणे महाग पडू लागले, तेव्हा तीच प्रतिकृती सुट्या भागांत दुकानात विकायला ठेवली गेली आणि जोडण्याचे काम गिऱ्हाइकाकडे गेले. खऱ्या मोटारींचा हिशेबही असाच होता. अखंड गाडी जहाजात जागा फार खाते आणि तिच्यावर आयातकरही जास्त लागतो. सुटी गाडी दोन्हीकडे स्वस्त पडते. म्हणून जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना उघडला आणि फोर्डही मुंबईत आली. 1947 मध्ये वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात डॉज गाड्या जोडायला सुरुवात केली. 1949 मध्ये महिंद्रांनी माझगावला 75 विलिस जीपची पहिली खेप उभी केली. महाराष्ट्रातला मोटारधंदा असा किटमधूनच सुरू झाला आहे. कारण पैशाचे होते हे खरेच, पण कारण पैशाचे असले म्हणून काम हलके ठरत नाही.

ते का ठरत नाही, हे छोट्या मोटारीवर जास्त स्पष्ट दिसते. 1:24 हे मोटारींच्या किटमधले सर्वांत रुळलेले प्रमाण. साडेचार मीटरची गाडी त्यात सुमारे 19 सेंटिमीटरची होते. खऱ्या गाडीत दार आणि चौकट यांच्यामध्ये साधारण 4 मिलिमीटरची फट असते. तिचे 24 भाग केले तर 0.17 मिलिमीटर उरतात, म्हणजे जाड कागदाएवढे काहीतरी. रंगाचे गणित त्याहून अवघड. खऱ्या गाडीवर रंगाचा एकूण थर सुमारे 0.12 मिलिमीटरचा असतो. तोच थर प्रमाणात आणायचा तर तो मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा हवा, आणि तेवढा पातळ रंग कोणाच्याही हाताने चढत नाही. त्यामुळे छंदी माणसाला डोळ्याला फसवावे लागते. साच्याच्या दोन अर्ध्या भागांमधली बारीक रेघ आधी घासून काढायची, खळगा असेल तिथे लांबी भरायची, प्रायमर मारला की दडलेले दोष वर येतात ते पुन्हा घासायचे, मग रंगाचे तीन-चार विरळ हात द्यायचे आणि शेवटी दोन हजार नंबरचा पाणीपेपर फिरवायचा. चंदेरी रंगातली चमकी खऱ्या गाडीच्या रंगातली वापरली, तर छोट्या गाडीवर तिचा एकेक कण वाळूसारखा मोठा दिसतो, म्हणून चमकीही बारीक निवडावी लागते. हे काहीच पेटीतून येत नाही. पेटीतून आकार येतो, सफाई येत नाही. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या कारागिराला हे सांगावे लागत नाही. या शहराला तर ते साडेतीनशे वर्षांपासून माहीत आहे. बीबी का मकबऱ्यात खालच्या इजाऱ्यापर्यंत आणि घुमटाला संगमरवर आहे, मधला बराच भाग इथल्या काळ्या दगडाचा, आणि त्यावर गिलावा घोटून संगमरवराशी त्याचा मेळ साधलेला आहे. ताजमहालाची नक्कल म्हणून जिला नावे ठेवली जातात, त्या इमारतीत घोटाईचे काम करणारे हात नक्कल करणारे नव्हते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप इतिहासातूनच येतो. जनरल मोटर्सने मुंबईत पाव शतक गाड्या जोडल्या, मग त्यातून काय उरले? 1953 च्या सुमारास सरकारने धोरण ठरवले की ज्यांच्याकडे भारतात भाग बनवण्याची योजना नाही त्यांनी जोडणी बंद करावी. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघीही निघून गेल्या. त्यांच्यामागे मोटार घडवणारा स्वतंत्र उद्योग शिवडीत उभा राहिला नाही. हा पुरावा मी नाकारत नाही. नुसती जोडणी कितीही वर्षे केली तरी ती आपोआप निर्मितीत बदलत नाही, हे त्यातून सिद्ध होते. पण त्याच मुंबईतला दुसरा पुरावाही पाहायला हवा. प्रीमियरने फियाटच्या परवान्यावर 1954 पासून 1100 ही गाडी काढली, तिचे एकेक भाग देशात बनवत नेले, आणि पुढे तीच पद्मिनी होऊन मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. महिंद्रांची जीपही त्याच वाटेने गेली. म्हणजे जोडणी ही भिंत नव्हती, पायरी होती; कोणी तिच्यावर थांबले, कोणी वर चढले. चढणाऱ्यांनी साचे हातात घेतले.

संभाजीनगरची गोष्ट इथे वेगळी होते, आणि ती मला फार मोलाची वाटते. या शहरात साचा आधी आला आणि किट नंतर. वाळूजला बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन 5 नोव्हेंबर 1985 रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. त्याच्या आसऱ्याने पुरवठादारांची फळी उभी राहिली. एन्ड्युरन्स ॲल्युमिनियमचे डायकास्टिंग करू लागली, व्हेरॉकने 1990 मध्ये प्लास्टिकच्या भागांपासून सुरुवात केली. वितळलेले प्लास्टिक दाबाने पोलादी साच्यात सोडायचे, थंड झाले की भाग बाहेर काढायचा. छोट्या मोटारीच्या किटमधली, सुटे भाग धरून ठेवणारी चौकट नेमकी याच तंत्राने निघते. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये असे साचे आणि डाय बनवण्याचे शिक्षण दिले जाते. म्हणजे शेंद्र्याला ऑक्टाव्हियाच्या पेट्या आल्या, तेव्हा त्या उघडणारे शहर साचा म्हणजे काय हे जाणत होते. किट म्हणजे नक्की काय, हा प्रश्नही आता साधा राहिलेला नाही. सप्टेंबर 2024 मध्ये सीमाशुल्क विभागाने स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला नोटीस दिली. आयात केलेला माल हा गाडीचा पूर्ण संच मानायचा की निव्वळ सुटे भाग, असा तो वाद आहे, त्यात 1.4 अब्ज डॉलरची मागणी आहे, आणि कंपनीने तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. भागांची बेरीज कोणत्या क्षणी मोटार होते, याची किंमत इतकी मोठी असू शकते.

राहिली तिसरी पायरी, आकार कल्पण्याची. ती मुलांच्या छंदातून चढता येते याला भक्कम दाखला आहे. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडीने अमेरिकेत 1930 पासून 1968 पर्यंत मुलांसाठी प्रतिकृतींची स्पर्धा चालवली. सुरुवातीला नेपोलियनची बग्गी हुबेहूब घडवायची असे, पुढे स्वतः कल्पिलेली मोटार 1:12 प्रमाणात करायची असे, आणि विजेत्यांना शिष्यवृत्ती मिळे. त्यांतला एक, चक जॉर्डन, पुढे त्याच कंपनीच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी दुसऱ्याने ठरवलेला आकार काटेकोर जोडायचा, मग स्वतःचा. हा छंद सुखवस्तू घरांचा आहे, असे यावर म्हटले जाते, आणि आज ते खरेच आहे. प्रमाणबद्ध प्रतिकृती आयातीच्या वर्गवारीत खेळण्यांमध्ये मोडतात. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाले, 2023 मध्ये 70. खऱ्या मोटारीच्या सुट्या संचावर मात्र 2018 च्या अर्थसंकल्पाने 15 टक्के ठेवले होते. खरी गाडी जोडायला जितका कर, त्याच्या चौपटीहून अधिक कर ती खेळण्यात जोडायला. देशी खेळणी उद्योगाला आधार मिळावा हा वाढीव कराचा हेतू होता आणि तो रास्त आहे, पण देशी किट बाजारात आले तरच तो हेतू सफल होईल. ते आपल्याच शहरातून का येऊ नये?

वाळूजमधून तीनचाकी रिक्षा देशभर आणि परदेशात जाते. तिचा आकार इथल्या प्रत्येक मुलाच्या डोळ्यांत आहे. भाग थोडे, पृष्ठभाग सपाट, हूड काळे. 1:24 प्रमाणात ती तळहातावर मावेल एवढी होईल. साचा कापणारे इथे आहेत, प्लास्टिक ओतणारी यंत्रे इथे आहेत, रंग घोटणारे हात इथे आहेत. वाळूज आणि चिकलठाण्याच्या उद्योजकांनी एकत्र येऊन एकच साचा कापावा, त्या रिक्षेचे किट काढावे आणि पहिली हजार खोकी या जिल्ह्यातल्या शाळांना द्यावीत.