बारा फुटांचा गतिरोधक

जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा हमरस्ता जामनेर तालुक्यातील नेरी आणि पहूर या गावांतून जातो, आणि अशा गावांच्या वेशीत भरधाव वाहनांना आवर घालण्यासाठी बहुधा पहिली मागणी होते ती गतिरोधकाची, म्हणजे रस्त्यावरील आडव्या उंचवट्याची. त्याचे जनकत्व सहसा नोबेलविजेते अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांना दिले जाते, कारण त्यांनी १९५३ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठासाठी असे उंचवटे आखले. ते १९२६-२७ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात व्याख्याते होते, त्यामुळे भारतीय धागा तेथे जोडण्याचा मोह होतो, परंतु लाहोर आधी आणि उंचवटा पाव शतकानंतर, हा क्रमच त्या मोहाच्या आड येतो.

खरा धागा आकड्यांत सापडतो. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत गतिरोधकाची लांबी, म्हणजे वाहनाच्या दिशेने मोजलेले अंतर, ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर आणि गोलाईची त्रिज्या १७ मीटर दिली असून ताशी २५ किलोमीटर हा वेग गृहीत धरला आहे. हीच लांबी व उंची ब्रिटनच्या शासकीय रस्ते-संशोधन प्रयोगशाळेतील वॉट्स यांच्या १९७३ च्या अहवालातील उंचवट्याची आहे. त्रिज्या स्वतंत्र नाहीच, ३.७ मीटरची जीवा आणि १० सेंटिमीटरची उंची घेतली की भूमिती ती १७ च्या आसपास आणून ठेवते. दोन्ही चाकांमधील अंतरावरून लांबी ठरली, असा प्रतिवाद संभवतो; पण त्यातून उंचवटा लांब का, एवढेच कळते, साडेतीन किंवा चार न घेता नेमके ३.७ का, हे कळत नाही. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर आणि चार इंच म्हणजे १०.१६ सेंटिमीटर, हे ध्यानात घेतले की मेट्रिक पोशाखातील हा पाहुणा मूळचा फूटपट्टीवरचा आहे, असेच मानावे लागते.

गावात मात्र ही लांबी आक्रसून हातभर होते, बहुधा डांबराच्या काटकसरीमुळे, आणि तेथे वॉट्स यांचे गणित उलटते: लांब उंचवट्यावर वेग वाढला की हिसका वाढतो, तर आखूड उंचवट्याचा धक्का वेगवान मोटारीचे टायर व स्प्रिंगाच परस्पर पचवतात आणि तो पुरता बसतो तो कपाशीने भरलेल्या, स्प्रिंगा नसलेल्या बैलगाडीला.